एस्टेस अल्फा ३ लाँच सेट: रॉकेट क्लबचं, लाँचर घरचं

मॉडेल रॉकेट्रीचा क्लब सुरू करायचा म्हटलं की दोन-चार तयार लाँच सेट घेऊन काम भागेल का, हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात एस्टेस या अमेरिकन कंपनीच्या अल्फा ३ चं नाव सगळ्यात आधी निघतं. सेटमध्ये रॉकेटचे सुटे भाग, पोर्टा-पॅड हा तीन पायांचा प्लॅस्टिकचा उड्डाणाचा पॅड आणि इलेक्ट्रॉन बीम हा दुरून बटण दाबून रॉकेट सोडायचा कंट्रोलर मिळतो. मोटर (रॉकेट उडवणारं घन इंधनाचं नळकांडं), वॅडिंग (पॅराशूटला आचेपासून वाचवणारे, सहज न पेटणारे कागद), गोंद आणि सेल बहुधा वेगळे घ्यावे लागतात. खरेदीच्या यादीत वॅडिंग हटकून राहून जातं आणि त्याची आठवण थेट मैदानावर होते.

आधी रॉकेट, कारण सेटमधली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे. लांबी सुमारे ३१ सेंटीमीटर, नळीचा व्यास २५ मिलिमीटर आणि वजन मोटरशिवाय ३४ ग्रॅमच्या आसपास. पंख एकसंध प्लॅस्टिकचे असल्यामुळे बाल्सा लाकूड कापणं, घासणं, तीन पंख समान कोनात चिकटवणं ही सगळी कटकट वाचते. कार्यशाळेत २० जण बसले तर दीड-दोन तासांत २० रॉकेटं तयार होतात आणि जवळपास सगळी सरळ उडतात. बाल्साच्या किटमध्ये ही खात्री देता येत नाही. पण पंख लावण्याचं कसब शिकवायचं असेल, तर हे किट त्या कामाचं नाही.

जोडणीतली चूक जवळपास नेहमी गोंदाची असते. लाकडाचा पिवळा किंवा पांढरा गोंद पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला उत्तम, पण गुळगुळीत प्लॅस्टिकला तो धरत नाही, तिथे प्लॅस्टिक सिमेंटच हवं. दुसरी गोष्ट, गोंद लावून एक नळी दुसरीत सरकवताना मध्ये थांबायचं नाही. पिवळा गोंद काही सेकंदांत पकडतो आणि भाग अर्ध्या वाटेत अडकला की ओढूनही निघत नाही. आधी कोरडं बसवून पाहायचं, पेन्सिलीने खूण करायची, मग एका दमात ढकलायचं.

रबराची शॉक कॉर्ड, म्हणजे नळी आणि टोक यांना जोडून ठेवणारी दोरी, हा मात्र किटचा कच्चा दुवा. ती आखूड आहे. पॅराशूट उघडताना नोज कोन (रॉकेटचं निमुळतं टोक) झटक्याने परत येतो आणि नळीच्या वरच्या कडेवर आपटून तिला पोचा पाडतो. शिवाय रबर आठ-दहा उड्डाणांत उष्णतेने कडक होऊन तुटतं. शिवणकामाचं चपटं इलॅस्टिक रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे साधारण ९० सेंटीमीटर, पहिल्याच जोडणीत घालावं. नंतर बदलायचं तर नळीत बोटं पोचत नाहीत.

मोटर १८ मिलिमीटरची. ए८-३ मध्ये ‘ए’ म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ) जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटनचा रेटा आणि ३ म्हणजे इंधन संपल्यावर ३ सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारा स्फोट. पुढचं प्रत्येक अक्षर कमाल आवेग दुप्पट करतं. क्लबच्या पहिल्या फेरीला ए८-३ च ठेवावी. रॉकेट शंभर मीटरच्या आत राहतं, सगळ्यांना दिसतं आणि परत मिळतं. बी६-४ वर मजा येते. सी६-५ चा हट्ट प्रत्येक नवा सभासद धरतो, त्याला हा हिशोब दाखवावा: ३० सेंटीमीटरच्या पॅराशूटखाली हे रॉकेट सेकंदाला साधारण ४ मीटरने उतरतं. २५० मीटरवरून खाली यायला मिनिटभर लागतं. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर तेवढ्यात ते ३०० मीटर लांब जातं. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत मैदानाची किमान बाजू ए मोटरला १०० फूट, बीला २०० आणि सीला ४०० फूट दिलेली आहे. ती किमान आहे, रॉकेट त्यातच पडेल अशी हमी नव्हे. वारा जाणवत असेल तर पॅराशूटच्या दोऱ्या अर्ध्यावर एकत्र करून चिकटपट्टी गुंडाळावी. पॅराशूट पुरतं उघडत नाही, रॉकेट जरा जोरात उतरतं, पण शेजारच्या शेतात जात नाही.

वॅडिंगचे तीन-चार कागद, सैल चुरगाळून. कमी पडले तर पॅराशूट वितळून गोळा होतो. ठासून भरले तर काहीच बाहेर येत नाही आणि रॉकेट बाणासारखं जमिनीत घुसतं. थंडीत प्लॅस्टिकचं पॅराशूट घडीत चिकटून बसतं, त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरावी.

पोर्टा-पॅड ठीकठाक आहे. हलका असल्यामुळे वाऱ्यात डुलतो, म्हणून पायांवर दगड ठेवावेत किंवा तंबूच्या खुंट्या ठोकाव्यात. रॉकेटला सुरुवातीला सरळ ठेवणारा रॉड १/८ इंचाचा आणि दोन तुकड्यांत. जोडावर बोट फिरवून पाहावं. तिथे खरखर लागली तर लाँच लग (रॉकेटच्या अंगावरची, रॉडवरून सरकणारी छोटी नळी) अडकतो आणि रॉकेट रॉड सोडण्याआधीच वेग गमावतं. पॉलिश पेपरने घासलं की काम होतं. तीन-चार उड्डाणांनंतर रॉडवर काजळी धरते, ती ओल्या फडक्याने पुसायची. रॉडचं टोक डोळ्याच्या उंचीला येत असेल तर वापर नसताना त्यावर टोपी हवीच.

खरी अडचण कंट्रोलरची. इलेक्ट्रॉन बीम चार एए सेलवर चालतो, म्हणजे ६ व्होल्ट. चावी घातली की दिवा लागतो, चावी दाबून धरून बटण दाबलं की इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी बारीक तार, पेटतो. घरच्या अंगणातल्या दोन-तीन उड्डाणांना हे छान आहे. क्लबच्या दिवशी दुपारपर्यंत सेल दमतात आणि गोंधळ सुरू होतो: दिवा लागतो, पण रॉकेट हलत नाही. कारण साधं आहे. दिव्याला थोडा करंट पुरतो, इग्नायटरला मात्र क्षणभर दोनेक अँपिअर लागतात आणि थकलेल्या सेलचा अंतर्गत रोध तेवढा करंट जाऊच देत नाही. नवे अल्कलाइन सेल प्रत्येक दहा-बारा उड्डाणांना बदलावेत किंवा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. त्यांचं व्होल्टेज कमी असतं, तरी अंतर्गत रोध कमी असल्याने ते इथे जास्त तग धरतात.

अर्थात सगळा दोष कंट्रोलरच्या माथी मारू नये. फुसका बार निघाला की आधी तीन गोष्टी बघाव्यात. इग्नायटरचं टोक नोझलमधून इंधनाला टेकलंय का? क्लिपा एकमेकींना किंवा खालच्या धातूच्या पत्र्याला लागल्यात का? क्लिपांच्या दातांवर राख साचलीय का? तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सापडते, म्हणून पॅडपाशी पॉलिश पेपरचा तुकडा कायम बांधून ठेवावा. हे सगळं चावी काढून आणि ६० सेकंद थांबूनच. चावी नेहमी पॅडवर वाकलेल्या माणसाच्या खिशात असावी, कंट्रोलरमध्ये नाही.

वायर साधारण ५ मीटरची आहे. डी आणि त्याखालच्या मोटरसाठी १५ फुटांचं अंतर लागतं, तेवढं जेमतेम साधतं. त्यापेक्षा मोठ्या मोटरला ३० फूट लागतात, तिथे हा कंट्रोलर बादच.

आणि रांग! एका पॅडवर एक उड्डाण म्हणजे चालत जाणं, क्लिपा लावणं, परत येणं, मोजणी. चार-पाच मिनिटं सहज जातात. २० रॉकेटांना दीड तास, आणि तोवर मुलं कंटाळून पॅडकडे सरकू लागतात. चार रॉडचा लाकडी घोडा (आडव्या फळीचा स्टँड) केला की चारही रॉकेटं एकदम लावून एकामागून एक सोडता येतात. त्यासाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी पॅडजवळच ठेवावी, प्रत्येक रॉडला एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) द्यावा आणि कंट्रोलरपर्यंत फक्त रिलेची बारीक वायर आणावी. बॅटरी कंट्रोलरपाशी ठेवून १० मीटर वायर ओढायचीच असेल, तर ती २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. जाण्या-येण्याचा रोध ०.१५ ओहमच्या आत राहतो. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज विसरू नये. शॉर्ट झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी वायरचं आवरण वितळवते.

तेव्हा नव्या क्लबने एकच पूर्ण सेट घ्यावा आणि बाकी नुसती रॉकेटची किटं. कंट्रोलर कार्यशाळेत चावी-बटणाची शिस्त शिकवायला आणि बॅटरीची पेटी बिघडली तर राखीव म्हणून उपयोगी पडतो. राखीव कंट्रोलरमधले सेल तेवढे काढून ठेवावेत, गळले की स्प्रिंगा खाऊन टाकतात.