नागपुरात लघुपट करताय? उजेड कडक हवा की मऊ, आधी ठरवा

समजा, नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात शूटिंग आहे आणि भाड्याने एकच मोठा दिवा परवडतोय. तो थेट पात्रावर सोडायचा, की थर्माकोलवर मारून परतलेला उजेड घ्यायचा?

थेट उजेड कडक असतो. सावलीची कड धारदार पडते, घाम आणि सुरकुत्या उठून दिसतात. दिवा बाजूला, जरा उंचावर ठेवला की अर्धा चेहरा अंधारात जातो आणि त्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. मनात काही दडवून बसलेल्या माणसासाठी मला याहून नेमकं काही सापडलेलं नाही. ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन वळवून स्टुडिओत झोत उभा केला, तो आजही अंगावर येतो. पण कडक उजेड नटाला जखडतो. खुणेवरून वीतभर सरकला की नाकाची सावली भलतीकडे जाते. नवख्या नटांना हे फार जड जातं.

परतवलेला उजेड मऊ असतो, त्यात नट मोकळा वावरतो. छायालेखक सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी स्टुडिओतल्या काशीच्या घरावर कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला, अंगणात आभाळातून उतरावा तसा. वाड्याच्या चौकात हाच उजेड आयता मिळतो.

मात्र मऊ म्हणजे प्रसन्न, कडक म्हणजे गंभीर, असं धरून चालू नका. मऊपणा ठरतो पात्राच्या मानाने उजेडाचा स्रोत किती मोठा आहे यावर. मूड बराचसा ठरतो सावलीची बाजू किती काळी आहे यावर. मऊ उजेड एकाच बाजूने घ्या, दुसरीकडे काळं कापड उभं करा. चेहरा कोवळाच राहतो, पण उदास होतो.

बाहेर निवड फारशी उरत नाही. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला, त्यामुळे मे अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. फुटाळा तलावावरचे प्रसंग सकाळीच उरका. कथाच उन्हाच्या तडाख्याची असेल, तर ते ऊन तसंच राहू द्या.

पहिलाच लघुपट असेल तर मी मऊ उजेड आणि काळं कापड घेईन. थेट झोत फक्त पात्राचं खोटं उघडं पडतं त्या प्रसंगाला. परतवताना उजेड बराच घटतो, म्हणून दिवा दमदार लागतो. वाड्याच्या जुन्या वायरिंगला तो झेपेल का, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.