डबल प्रमोशन, वर्गातच वेगळं काम, की बाहेरचे क्लास? हुशार मूल प्राथमिकला असेल तर काय करावं

गेल्या मे महिन्यात आजीने अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया घेऊन माझी मुलगी खेळत होती. एक बी ठेवली, तिला काटकोनात लागून तीन, मग पाच, मग सात, आणि धावत आत आली, आई बघ ना, एक तीन पाच सात असं मिळवत गेलं की दर वेळी चौकोनच होतो, चार, नऊ, सोळा. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, नुकतीच दुसरी पास झालेली. आणि हीच मुलगी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर वीस बेरजांतल्या तीन करायची, बाकीच्या तशाच सोडायची आणि वहीच्या मागच्या पानांवर ठिपक्यांचे चौकोन काढत बसायची. वहीत शेरा काय, तर लक्ष नाही.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे डबल प्रमोशन घ्या, म्हणजे एक वर्ग गाळून वर घाला, कोणी म्हणे अबॅकसला, म्हणजे मण्यांवरून झटपट हिशेब शिकवणाऱ्या क्लासला घाला, माझी आई म्हणे लहान आहे गो, राहू दे तिला. सहा महिने मी या सगळ्याच्या मागे होते, आता दुसऱ्या कोणाच्या घरी हाच प्रश्न असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट, मार्कांवरून ठरवू नका. जोसेफ रेन्झुली नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७८ मध्ये मांडलं होतं की सरासरीपेक्षा वरची बुद्धी, नवं सुचणं आणि हातात घेतलेल्या कामाला चिकटून राहणं ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे बघा. मला ते पटलं, कारण पहिला नंबर येणारं मूल पुष्कळदा नीटनेटकं आणि सांगितलेलं ऐकणारं असतं, आणि खरोखर पुढे असलेलं मूल कंटाळून सोप्या गणितात चुकतं. काही मुलं गणितात दोन वर्षं पुढे आणि वाचनात अडखळणारी असतात, तिथे डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्या-लिहिण्यातली अडचण) आहे का ते आधी तपासून घ्या, नाहीतर दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून टाकतात.

डबल प्रमोशनबद्दल आपल्याकडे भीती जास्त आहे, मूल बावरेल, मोठ्या मुलांत एकटं पडेल वगैरे. अभ्यास मात्र बऱ्यापैकी उलट सांगतात. अमेरिकेत २००४ मध्ये यावर मोठा अहवाल निघाला, त्याचं म्हणणं हेच की नीट निवडलेल्या मुलांना वरच्या वर्गात घातल्याने अभ्यासात फायदा होतो आणि मनावर वाईट परिणाम होतो ही समजूत खरी ठरत नाही. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी १६० किंवा त्याहून जास्त बुद्ध्यांक असलेल्या ६० मुलांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला, त्यात उलट वयाच्या वर्गातच अडकवून ठेवलेली मुलं मैत्रीच्या बाबतीत जास्त चाचपडली. पण १६० म्हणजे लाखात काही मुलं हो, आपलं मूल त्यातलं आहे असं धरून चालू नका.

आणि गोव्यात एक वेगळी गोष्ट आहे. आपली प्राथमिक शाळा चौथीला संपते, पाचवीला मूल हायस्कूलला जातं. म्हणजे तिसरीतून चौथी गाळली तर नऊ वर्षांचं पोर थेट बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये बसून मोठ्या शाळेत, दहावीच्या मुलांमध्ये, विषयाला वेगळा शिक्षक. काहींना जमेलही. गाळायचाच असेल तर पहिली किंवा दुसरी गाळणं मला त्यामानाने सोपं वाटतं, शाळा तीच, टीचर त्याच, मैत्रिणी मधल्या सुट्टीत भेटतात.

पुढचंही बघून ठेवा. वाळपईच्या किंवा काणकोणच्या नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेचा विचार असेल तर गावातल्या मुलांच्या कोट्यासाठी (तिथे निदान ७५ टक्के जागा त्यांच्याच) तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत पूर्ण केलेली लागतात, शिवाय वयाची अटही असते. हे कळेपर्यंत मी जवळजवळ हो म्हणणार होते! मेडिकलच्या नीट परीक्षेलाही प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात, एक वर्ग गाळलेलं मूल बहुतेक त्यात बसतं, दोन गाळले की बारावीनंतर एक वर्ष थांबावं लागू शकतं.

आता वर्गातच वेगळं काम, हा मार्ग मला सगळ्यात जास्त पटला, आणि याबद्दल बोललं सगळ्यात कमी जातं. आपल्या गावच्या सरकारी शाळेत पट कमी, एकाच खोलीत दोन-दोन वर्ग, एकच टीचर, आपण सगळे त्याला कमीपणाच समजतो. पण तिसरीतल्या ज्या मुलाचे कान चौथीच्या फळ्याकडे लागलेत त्याला हे फार सोयीचं आहे, गणिताच्या तासाला बाक बदलला की झालं, कागदपत्रं नाहीत, वय नाही, मराठीला परत आपल्या बाकावर. शहरातल्या चाळीस मुलांच्या वर्गात हे जमवणं कठीण, तिथे टीचरना दुसरं काहीतरी सुचवा, म्हणजे स्वाध्यायातली शेवटची पाच अवघड गणितं आधी करू द्या, ती बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ, आणि वाचलेल्या वेळात कोडं किंवा गोष्टीचं पुस्तक. दोन गोष्टी मात्र होऊ देऊ नका. लवकर संपलं म्हणून तसलीच आणखी वीस गणितं देणं, मुलाला ती शिक्षाच वाटते आणि ते मुद्दाम हळू करायला शिकतं. आणि रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवणं, कधीतरी ठीक आहे, पण त्याचं स्वतःचं शिकणं कधी होणार?

बाहेरच्या क्लासांचं थोडक्यात सांगते. अबॅकसने आकडेमोड झटपट होते, पण पटपट करणं म्हणजे गणिताचा विचार करणं नव्हे. आम्ही तीन महिने पाठवलं, ती असं का होतं विचारायची आणि उत्तर यायचं, आधी स्पीड वाढव. बंद केलं. ऑलिम्पियाडच्या परीक्षा मुलाला आवडत असतील तर द्या, मेडलसाठी नको. त्यापेक्षा पाटोची सेंट्रल लायब्ररी, मिरामारचं सायन्स सेंटर, कांपालचं बालभवन ही ठिकाणं मला बरी वाटतात, फक्त डिचोली-सत्तरीकडून पणजी म्हणजे अख्खा दिवस जातो, महिन्यातून एकदाच जमतं. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचं नाव सगळे घेतात, १९६२ पासून याच कामात आहेत, पण त्यांची प्रशाला पाचवीपासून, आणि आपण इथे.

एक क्लास मात्र ठेवला, देवळातला तबला. कारण तिथे ती चुकते. शाळेत सगळं पहिल्या फटक्यात येणाऱ्या मुलीला चुकायची सवयच नव्हती, पहिल्या आठवड्यात रडून तबल्यावरून उठली. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग मला तेव्हा आठवला, ज्यांना तू किती हुशार म्हटलं त्यांनी पुढे सोपं काम निवडलं, ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं त्यांनी अवघड. घरात आता हुशार हा शब्द आम्ही वापरत नाही, आजोबांनासुद्धा सांगून ठेवलंय.

तर तुमचं मूल सगळ्याच विषयांत पुढे असेल, लिहायचा हात तयार असेल, मोठ्या मुलांत रमत असेल आणि त्याला स्वतःला जायचं असेल, तर डबल प्रमोशनचा विचार जरूर करा, घाबरू नका. एकदोन विषयांतच पुढे असेल तर वर्गातच मार्ग काढा. क्लास सगळ्यात शेवटी, शाळेत कंटाळलेलं मूल संध्याकाळच्या एका तासाने सुधारत नाही.

टीचरशी बोलायला जाताना प्रगतिपुस्तक नेऊ नका, तक्रारही नको, मुलाने आपणहून केलेलं काहीतरी न्या. मी ती वही नेली, मागची पानं. टीचरनी उभ्याउभ्याच चाळली, एका पानावर थांबून ठिपके मोजले, आणि म्हणाल्या, सोमवारपासून गणिताला तिला चौथीच्या बाकावर बसवून बघूया.