सशिणीसाठी प्लास्टिकचा नेस्टिंग बॉक्स: २ स्टार, तेही कांद्यांमुळे

आधीच सांगते, सशिणीला विण्यासाठी आणि पिल्लं ठेवायला देतात तो हा बॉक्स मी १२९९ ला घेतला, आता सेलमध्ये स्वस्त दिसतोय पण तरी घेऊ नका, निदान गाभण सशिणीसाठी तरी नकोच.

झालं असं की आमच्याकडे साखर आणि रवा असे दोन ससे, दुकानदाराने "दोन्ही माद्याच आहेत ताई" म्हणून दिलेले आणि चार महिन्यांनी रवा हा रवाभाऊ निघाला. एवढ्याशा पिल्लात नर-मादी ओळखणं अवघड असतं मान्य, पण मग छातीठोकपणे सांगू नये ना माणसाने. डॉक्टरांनी साखरचं पोट हलक्या हाताने चाचपलं आणि म्हणाले आत द्राक्षाएवढ्या गाठी लागतायत, दोनेक आठवडे झाले असतील. सशीण साधारण ३१ दिवसांत विते, म्हणजे हातात जेमतेम अडीच आठवडे! रवाला त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवला, कारण व्यायल्यावर काही तासांतच ती परत गाभण राहू शकते म्हणे, हे ऐकून मला घेरीच यायची बाकी होती. त्या घाबरलेल्या मूडमध्ये रात्री मोबाइलवर हा बॉक्स मागवला.

आता यातली खरी गोची ऐका. रिटर्नची मुदत ७ दिवस. आणि बॉक्स सशिणीला द्यायचा असतो २८व्या दिवसाच्या आसपास, कारण लवकर दिला तर ती त्याचा संडास करते (मी दिला होता लवकर, केला तिने). म्हणजे वस्तू चांगली की वाईट हे कळेपर्यंत रिटर्न कधीच संपलेलं असतं. फोटोत ऐसपैस दिसतो पण आतून जेमतेम ११ इंच, साखर आत गेली की वळताच येईना, उलटीच बाहेर यायची. तळ एकदम गुळगुळीत, पिल्लांचे पाय फाकतील असा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरचं तोंड जमिनीलगत सपाट, चार-पाच इंचाचा उंबरा पाहिजे तिथे, कारण आई दूध पाजून उडी मारून निघते तेव्हा एखादं पिल्लू आचळाला लटकून बाहेर येतं आणि बाहेर पडलं की गारठून मरतं, अंगावर केस नसतात ना. शिवाय बाहेर सांगलीचा मे महिना आणि आत प्लास्टिक, हात घालून बघितलं तर भिंतींना ओल धरलेली.

शेवटी आई म्हणाली, "अगं ती हापूसची पेटी पडलीय ना माळ्यावर!" लाकडी पेटी, दीड फूट लांब, फूटभर रुंद. खिळे ठोकून आत घातले, कडा पॉलिश पेपरने घासल्या, एक बाजू खाली कापली पण उंबरा ठेवला. खाली वर्तमानपत्र, वर भरपूर सुकं गवत. साखर अर्ध्या तासात आत! तोंडात गवताच्या मिशा धरून इकडून तिकडे फिरत होती, आणि ३०व्या रात्री गळ्याखालचे, पोटाचे केस उपटून असं काही अंथरूण केलं की बघत राहावं. सकाळी ते केस हळूहळू वर-खाली हलत होते. सहा पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी.

नंतर दिवसभर ती आत फिरकलीच नाही, मी रडायच्या बेतात. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले, म्हणाले सशीण दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळीच पाजते, तेही पहाटे किंवा रात्री पाचेक मिनिटं, तुम्ही फक्त पोटं बघा. पोट टम्म तर प्यायलंय, सुरकुतलेलं तर नाही. आणि हात लावला की आई टाकते हे पाळीव सशाला लागू नाही, मी रोज सकाळी हात धुऊन मोजायचे. अकराव्या दिवशी पहिल्याने डोळे उघडले.

खाण्याचं म्हणाल तर पाकिटातलं टिमोथी गवत चालूच ठेवलं, पण जोडीला गवळीकाकांकडून रोज मूठभर लसूणघास घेतला. एरवी मोठ्या सशाला रोज घास नको, कॅल्शियम जास्त असतं त्यात, पण गाभण आणि पाजणारीला चालतो. पाणी मात्र कुंड्यात द्या, बाटलीच्या नळीतून तिला पुरत नाही. दुपारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचे, ती तिला टेकून लोळायची.

सेलरला मापाबद्दल मेसेज टाकला तर उत्तर आलं की प्रॉडक्ट मीडियम ब्रीडसाठीच आहे, हसरा इमोजी. बॉक्स आता आईकडे स्वयंपाकघरात आहे, कांदे ठेवलेत. मागे भोकं आहेत ना, हवा खेळते, कांदे छान टिकतायत.