चौदा महिने खाऱ्या पाण्यात: मोटर चांगली, बोल्टनं घात केला

पाडव्याला घेतलेली सहा इंची, साडेसात एचपीची, बोअरमध्ये सोडायची एसएस (स्टेनलेस स्टील) बॉडी सबमर्सिबल मोटर. हेड (पाणी किती उंच चढतं) किती, डिस्चार्ज (किती पाणी पडतं) किती हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात वेळ घालवत नाही. मी लिहायला बसलोय ते चार बोल्टांसाठी. पंप आणि मोटर एकमेकांना धरून ठेवणारे ते चार बोल्ट. वजन पाव-पाव किलोसुद्धा नाही, आणि त्यांनी माझी दिवाळी खाल्ली.

माझं शॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात, दोन लेथ आणि एक ड्रिल. शेती शिरोळ तालुक्यात, ऊस. तिकडची जमीन ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको: उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं फुलतं, चपलेला चिकटतं. बोअरचं पाणी तपासून घेतलं तेव्हा क्लोराइड, म्हणजे मिठातला अंश, लिटरला ९०० मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. पिण्याच्या पाण्याला २५० पर्यंत चांगलं म्हणतात आणि दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे आमचं पाणी कुठं बसतं ते बघा. शिवाय मे महिन्यात पहिलं मिनिटभर सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणूनच बीडाची (ओतीव लोखंडाची) मोटर न घेता जास्तीचे पैसे मोजून एसएस घेतली होती.

पहिले सात महिने तक्रार नाही. पाणी भरपूर, अँपिअर स्थिर. दिवाळीच्या आधी चार दिवस अँपिअर वर चढायला लागला आणि पाइपला हात लावला की थरथर जाणवायची. ऊस ऐन पाण्यावर होता. मिस्त्रीमामांना बोलावलं, तिकाटणं (तीन पायांचा घोडा) उभं करून पाइपा काढता काढता संध्याकाळ झाली. मोटर वर आली तेव्हा मामा एवढंच बोलले, "मालक, नशीब म्हणा." चारपैकी एका बोल्टाचं डोकंच नव्हतं. दुसऱ्याला पाना लावला आणि तो हातात आला. मोटर दोन बोल्टांवर लोंबकळत होती. साडेतीनशे फुटांत गेली असती तर मोटरच नाही, बोअरही गेलं असतं.

विक्रेत्याकडे गेलो. त्याचं उत्तर तयार होतं: पाणी खारं आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, बॉडी चकाचक आहे, मग खारं पाणी फक्त बोल्टालाच लागलं का? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सर्व्हिसवाला पोरगा येऊन फोटो काढून गेला.

मग मी माझ्या परीनं शोध घेतला. तुटलेला बोल्ट भिंगाखाली धरला. मोडलेल्या तोंडाच्या एका कडेला खसखशीच्या दाण्याएवढा काळा खड्डा, आणि तिथून शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा आतपर्यंत गेलेल्या. उरलेला भाग खडबडीत, चमकदार, शेवटच्या झटक्यात मोडलेला. खड्डा कुठं होता? बरोबर डोक्याखाली, वॉशर जिथं दाबून बसतो तिथं. दांड्यावर, जिथं पाणी मोकळं लागत होतं, तिथं एकही डाग नाही.

गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीत मित्र लॅब बघतो. बोल्टाचं डोकं सपाट घासून त्यानं स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती मिसळलंय ते सांगणाऱ्या यंत्रावर, धरलं. निकेल चार टक्क्यांच्या थोडं वर, मँगनीज आठ टक्के. म्हणजे स्टेनलेसची २०२ ही ग्रेड. ३०४ ग्रेडमध्ये निकेल आठच्या पुढे लागतं. बॉडी ३०४ आणि तिला धरणारे बोल्ट २०२ चे! एसएस म्हणून विकलं ते खोटं नाही, २०२ सुद्धा एसएसच. पण चुंबक दोघांनाही नीट चिकटत नाही, त्यामुळे दुकानात चुंबक लावून बघण्यात काही अर्थ नाही. उलट चांगल्या ३०४ चा बोल्ट थंड दाबून घडवलेला असेल तर चुंबक त्याला थोडा ओढतो आणि गिऱ्हाईक तो परत करतो.

मित्रानं आणखी एक गैरसमज काढला. मी म्हणत होतो, क्लोराइडनं चीर गेली. तो म्हणाला, नुसत्या क्लोराइडनं आणि ताणानं स्टेनलेसला चिरा जायला साधारण साठ अंशांच्या पुढची उष्णता लागते, तुझ्या बोअरचं पाणी तीस अंशांच्या आत. इथं आधी खड्डा पडलाय, मग लोड शेडिंगनं दिवसाला दहा वेळा चालू-बंद होताना बसणाऱ्या हिसक्यानं त्या खड्ड्यातून चीर वाढत गेलीय. शिंपल्यासारख्या रेषा त्याच्याच.

रागाच्या भरात मी ठरवलं होतं की शॉपवर ४१० ग्रेडच्या बारमधून बोल्ट टर्न करायचे, हार्डनिंग करून आणायचे आणि विषय संपवायचा. आपल्याकडे कडक म्हणजे चांगला हे डोक्यात बसलेलं. भाच्यानं थांबवलं. तो तेलाच्या विहिरींवर नोकरीला आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथं खाली शंभर अंशांवरचं मिठवणी, त्यात कार्बन डायऑक्साइड, आणि काही विहिरींत हाच आमच्या बोअरचा सडक्या अंड्याचा वायू, हायड्रोजन सल्फाइड. या वायूमुळे हायड्रोजन धातूत शिरतो आणि कडक केलेलं स्टील काही पूर्वसूचना न देता तडकतं, त्याला उष्णताही लागत नाही. म्हणून त्यांच्या नियमांत, जे १९७५ पासून आहेत, साध्या स्टीलला रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर २२ च्या वर कडकपणा चालत नाही. नुसता कार्बन डायऑक्साइड असेल तर १३ टक्के क्रोमियमचे पाइप घालतात. मीठ आणि वायू दोन्ही वाढले की २२ टक्के क्रोमियमचं डुप्लेक्स स्टेनलेस, त्याच्याही पुढे निकेलचे मिश्रधातू. ४१० म्हणजे तेच १३ टक्क्यांच्या घरातलं स्टील, आणि मी ते कडक करून वासाच्या पाण्यात सोडणार होतो. मामा-भाच्यात भाचाच शहाणा निघाला हे मी घरी सगळ्यांसमोर मान्य केलं.

शेवटी ३१६ चे बोल्ट आणले. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खड्डा सहजासहजी पडू देत नाही. ढोबळ हिशोब असा की गार पाण्यात ३०४ ला क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, ३१६ ला १००० पर्यंत. बोल्ट घेताना डोक्यावरचा शिक्का वाचा: ए२-७० म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४-७० किंवा ए४-८० म्हणजे ३१६ चा. शिक्का नसेल तर घेऊ नका. दुकानदार कितीही शपथा घेवो. आणि आट्यांना अँटीसीझ (आटे एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचा लेप) लावा. मी पहिला बोल्ट कोरडाच आवळला, आटे एकमेकांना धरले, कापून काढावा लागला. दीडशे रुपये मातीत.

इथपर्यंत मी हिवाळ्यातच लिहून ठेवलं होतं, आणि शेवट होता "३१६ घ्या आणि निर्धास्त राहा". आता तो शेवट मी खोडतोय.

मिरगाच्या आठ दिवस आधी केबलचा जॉइंट गेला म्हणून मोटर पुन्हा वर काढली. बोल्ट सातव्या महिन्यातही नवे वाटावेत असे. मन भरून आलं, खरंच. पण बॉडीला केबल बांधायला मामांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती सोलली आणि खालची ३०४ ची बॉडी बघून पोटात गोळा आला. पट्टीच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात सुईनं टोचल्यासारखे खड्डे, भोवती तांबूस कड. पट्टीच्या बाहेर अर्ध्या इंचावर आरशासारखी चमक. तिथंच एक ३१६ चा क्लॅम्प होता, त्याच्याही कडेखाली दोन डाग होते.

म्हणजे वॉशरखाली जे झालं तेच इथं. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिबारीक पापुद्रा असतो, खरवडला तरी पाण्यातल्या ऑक्सिजननं तो पुन्हा धरतो. पट्टीखाली पाणी अडून राहतं, ऑक्सिजन संपतो, पापुद्रा धरत नाही, क्लोराइड आत जमत जातं आणि पाणी आंबटतं. ग्रेड वाढवली की हे लांबतं, थांबत नाही. त्यामुळे माझं मत बदललंय: आधी फटी बुजवा किंवा मोकळ्या करा, मग ग्रेडवर पैसे घाला. चिकटपट्टी पूर्ण बंद. आता केबल बॉडीला न बांधता कॉलम पाइपला (पाणी वर आणणाऱ्या) नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधलीय, आणि बॉडीवरून जाते तिथं ती सैल, पाणी खेळेल अशी ठेवलीय.

मोटरला मी अजूनही चांगलीच म्हणतो. वाइंडिंग, बेअरिंग, इंपेलर, कशातच खोट नाही. एवढी चांगली वस्तू चार बोल्टांपायी बदनाम होते याचंच वाईट वाटतं. विक्रेत्यानं स्पेक्ट्रोचा कागद बघितल्यावर बोल्टांचे पैसे दिले, पण मोटर काढण्या-सोडण्याची मजुरी दिली नाही. तीन हजारांसाठी मी अजून दर पंधरवड्याला फोन करतोय. मोडका बोल्ट शॉपच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, भिंगासकट.