सस्तन पेशींतील प्रथिननिर्मिती : एका व्यावसायिक प्रयोगशाळेच्या सेवेचा अनुभव

एका मानवी रिसेप्टरचा (पेशीवर बसून बाहेरचे संकेत पकडणाऱ्या प्रथिनाचा) पेशीबाहेरील भाग आम्हाला शुद्ध स्वरूपात हवा होता. ई. कोलाय जिवाणूत तो न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साचत राहिला, कारण त्यातील डायसल्फाइड बंध (प्रथिनाची घडी पक्की करणारे गंधकाचे जोड) नीट जुळत नव्हते आणि मानवी पेशींप्रमाणे शर्करासाखळ्या चढवणे जिवाणूला जमत नाही. म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशींत प्रथिने तयार करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे आम्ही हे काम सोपवले.

त्यांचा पहिला सल्ला अचूक होता. औषधनिर्मितीत रुळलेल्या सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशींचा, जनुक कायमचे सामावलेला स्थिर वंश निवडण्यात कित्येक महिने जातात, आणि आम्हाला तर केवळ काही मिलिग्रॅम प्रथिन हवे होते. त्यामुळे १९७३ मध्ये लायडन येथे तयार झालेल्या एचईके २९३ या मानवी पेशींत तात्पुरते ट्रान्सफेक्शन करावे, म्हणजे प्रथिनाचे जनुक थोड्या काळापुरते घालावे, असे त्यांनी सुचवले.

पहिल्या खेपेसोबत मात्र फक्त एसडीएस जेलचे, म्हणजे प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या जेलचे छायाचित्र आले. त्यात एकच स्वच्छ पट्टा होता. पण या जेलमध्ये प्रथिनाची घडीच उलगडली जात असल्याने त्याचे रेणू एकमेकांना चिकटले आहेत का, हे त्यावरून समजत नाही. आम्ही आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून नमुना काढला, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रथिन पुंजके होऊन सुरुवातीलाच बाहेर पडले. एवढी साधी चाचणी पाठवण्यापूर्वी त्यांनी करायलाच हवी होती. पेशींच्या संवर्धनात शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूच्या तपासणीचा अहवालही दोनदा मागावा लागला. हा जंतू ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो, मीडियम (पेशी वाढवण्याचे पोषक द्रव) गढूळ करत नाही आणि पेशींचे चयापचय बिघडवत राहतो, त्यामुळे हा अहवाल मागण्याची वेळ ग्राहकावर येऊ नये.

तक्रारीनंतर मात्र त्यांनी मनापासून काम केले. ट्रान्सफेक्शननंतर तापमान ३७ वरून ३२ अंशांवर आणले, मीडियम लवकर काढून घेतले आणि बफरमधील (प्रथिन ठेवण्याच्या द्रावणातील) मिठाचे प्रमाण बदलले. दुसऱ्या खेपेत उत्पादन काहीसे घटले, पण पुंजके नाममात्र उरले आणि प्रथिन आपल्या लिगँडला (त्याच्याशी जुळणाऱ्या रेणूला) व्यवस्थित बांधले गेले. कमी मिलिग्रॅमची ती खेप आमच्या दृष्टीने पहिलीपेक्षा कितीतरी मोलाची ठरली.

पुढचे कामही आम्ही त्यांनाच देत आहोत. मात्र या वेळी कॉलमचा आलेख आणि मायकोप्लाझ्माचा अहवाल या दोन्ही अटी करारातच लिहून घेतल्या आहेत.