बांधकामाच्या हिशोबाचं ॲप: सगळं आहे, ब्रास नाही

परवा बेसा रोडच्या साइटचा खर्च उघडला तर रेती बारा लाखांची! अख्खं घर रेतीचं बांधलं तरी एवढी लागत नाही, राजेहो. आली होती दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), भाव ब्रासला सहा हजार, म्हणजे झाले बारा हजार. पण या ॲपात ब्रास हे मापच नाही. घनमीटर आहे, टन आहे, क्यूबिक यार्डसुद्धा आहे, जे नागपुरात कोणाच्या बापानं वापरलेलं नाही. मग साइटवरच्या पोरानं दोनशे घनफूट टाकलं आणि दराच्या रकान्यात चलानावरचे ब्रासचे सहा हजार जसेच्या तसे उतरवले; ॲपानं ते घनफुटाला धरले आणि झाले बारा लाख.

कस्टमर केअरवाला म्हणतो, "सर, क्यूबिक फीट में डाल दीजिए." अरे, तेच तर केलं! तक्रार नोंदवली; दुसऱ्या दिवशी 'समस्या सुटली' असा मेसेज येऊन बंद. परत उघडली, परत बंद. रेती, गिट्टी, मुरूम, सगळा माल आपल्याकडे ब्रासनं येतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास, एवढंच तर शिकवायचंय त्या ॲपाला.

गेल्या पोळ्याच्या सुमारास घेतलं, तेव्हा माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. मजुरांना दिलेली उचल सरळ खर्चात जायची आणि शनिवारच्या चुकाऱ्यात कापलीच जायची नाही. दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये ते सुधारलं. आता उचल आपोआप वळती होते, ठेकेदाराचा एक टक्का टीडीएसही (पैसे देतानाच कापायचा आयकर) ॲप कापून दाखवतं. सिमेंटचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी बिलं जुन्या दरानं आणि नवी नव्या दरानं नीट वेगळी राहिली. (घरमालकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी "मग आमचं किती कमी होणार?" म्हणून फोन लावले.)

खरा फायदा जानेवारीत झाला. कामाचं वेळापत्रक आणि पैशाची आवक एकाच पानावर दिसते. तिन्ही साइटचे स्लॅब एकाच आठवड्यात येत होते, आणि माझ्या मोठ्या बिलाचे पैसे येणार होते त्याच्या पंधरा दिवसांनी. वहीत हे मला स्लॅबच्या आदल्या दिवशी कळलं असतं, लोखंडवाल्याच्या दुकानात उभं राहिल्यावर. हिंगण्याचा स्लॅब पुढे ढकलला, सेंट्रिंगच्या प्लेटा (स्लॅब ओतताना खाली लावतात त्या) तिथल्या तिथे फिरवल्या, उधारीवरचं व्याज वाचलं. वर्षाची फी त्यातच निघाली, हे कबूल करायला लागतं.

तरी पूर्ण प्लॅनचे पैसे आता देणार नाही. वेळापत्रक आणि मजुरीपुरता छोटा प्लॅन घेतो. रेती-गिट्टी परत लाल वहीत. कोणाच्या ॲपात ब्रास असेल तर खाली नाव टाका. फी जास्त असली तरी एकदा बघतो.