वसतिगृह सांभाळून एम.ए. एज्युकेशन: इग्नू की कालिना?

निवासी शाळेतल्या शिक्षकाचा रविवार म्हणजे पालकभेट. सकाळपासून डबे, चौकशा, रडारड. त्यामुळे मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण (कालिना संकुलातलं, पूर्वी ज्याला आयडॉल म्हणायचे ते, १९७१ पासूनचं) घेतलंत, तर शनिवार-रविवारची व्याख्यानं बुडणार हे धरूनच चाला. सेमिस्टरमुळे परीक्षाही सारखी डोक्यावर. पण प्राध्यापकांना समोरासमोर शंका विचारता येते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) २ वर्षांचा कोर्स ४ वर्षांपर्यंत ताणता येतो. स्वाध्याय रात्रीच्या राउंडनंतर लिहा. माध्यम मात्र इंग्रजी किंवा हिंदी. परीक्षा जून आणि डिसेंबरला. जूनमध्ये नवी पोरं ट्रंका घेऊन दाराशी उभी, म्हणून डिसेंबरच गाठा. रेक्टरकी अंगावर असेल तर माझं मत इग्नूला.